हंगाम संपू दे, म्हणाला होतास

पारस, आज दुपारी पुन्हा डाव्या हाताला मुंग्या आल्या. गेटवर ट्रॉल्या लागल्या होत्या. एका ट्रॉलीतला चिमूटभर कापूस बोटांत ओढून मी धाग्याची लांबी बघत होतो आणि मधेच हात जड झाला. पहिला विचार आला तो तुला सांगायचा. तू ऑफिसच्या खिडकीतून डोकं काढून ओरडला असतास, "पाटील, आज कोणता हात? काल तर उजवा म्हणून राह्यलता!" गेटवरची माणसं हसली असती, मीही हसलो असतो, आणि त्या हसण्यात मुंग्या कुठे गेल्या ते कळलंही नसतं. मी खिडकीकडे बघितलं. खिडकी उघडी होती. मुंग्या बराच वेळ राहिल्या.

मला भीती वाटते. संक्रांत होऊन थोडेच दिवस झाले होते, सकाळची सामायिक, तुझी रोजची साधना, आटोपून तू सरलाभाभींकडे चहा मागितलास आणि चहा यायच्या आत गेलास. तुझ्या जाण्याचं दुःख आहेच, पण ते अजून धड झालेलं नाही. भीतीच मधे येते. तुझ्या उठावण्याला, तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेला, मंडपात माणसं तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होती आणि मी खाली मान घालून स्वतःची नाडी बघत होतो. लोकांना वाटलं पाटील रडतोय. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला तर मी केवढ्याने दचकलो!

माझं हे आजचं नाही. परतूरच्या शाळेत आपण एका बाकावर होतो तेव्हा दर परीक्षेच्या आधी मला अपेंडिक्स व्हायचं. तू घरी येऊन माझ्या आईला सांगायचास, "काकू, याला काय झालं न्हाई. याला गणित झालंय." पुढे तू वडिलांच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या गिरणीत, बसलास आणि मला गावातून बोलावून घेतलंस, कापूस पारखायला. मालक आणि ग्रेडर असं नातं आपल्यात कधी जमलंच नाही. तू मला शेवटपर्यंत पाटील म्हणालास, आणि मी तुला चारचौघांत शेठ म्हटलं की तू मागे वळून बघायचास, कोण शेठ आला म्हणून.

तुझं सगळं माझ्या उलटं. जिनिंग चालू असेपर्यंत तुझं काहीच दुखायचं नाही. दुपारी फोन यायचा, भाव खाली आलाय, आणि पहाटेपासून रांगेत थांबलेल्या माणसांना ते सांगायला तू स्वतः गेटवर जायचास. शिव्या खायचास, हात जोडायचास, एका कानाला व्यापाऱ्याचा फोन, दुसऱ्या कानाला मशिनचा आवाज. एका वर्षी असंच भांडण मिटवत असताना ट्रॉलीच्या कडीनं तुझा तळहात फाटला. तुला पत्ताच नाही! तू बोलतोयस, कापसात हात घालतोयस, दाखवतोयस. शेवटी ज्याची ट्रॉली होती तोच म्हणाला, "शेठ, माझा माल लाल करून राह्यले की तुम्ही." तू हाताकडे बघितलंस आणि मग ओरडलास, "आई गं!"

टाके घालून परत येताना जीपमध्ये तू एखादा शोध लागल्यासारखा खूश होतास. "बघ पाटील, बघितलं तवा दुखलं. तोवर बिलकुल दुखत न्हवतं. म्हंजे दुखणं हातात न्हाई, बघण्यात हाय. तू दिवसभर सोतालाच बघत असतो, म्हणून तुझं सारखं दुखतंय."

मी म्हणालो, "आन रक्त? ते तर न बघता बी जाऊनच राह्यलं होतं ना?"

तू काचेतून बाहेर बघत राहिलास. हा आपला वाद त्या दिवशी सुरू झाला आणि तसाच राहिला. चहाला, जेवणाला, शहागडला गोदावरीच्या पुलावर ट्रक अडकला होता तेव्हा रस्त्यात उभं राहून, आपण तोच वाद घालत होतो. तू जिंकत आलास, कारण तू धडधाकट दिसायचास आणि मी दर महिन्याला कसली तरी तपासणी करून यायचो. आता मी जिंकलोय असं कोणी म्हणेल. मला असलं जिंकायचं नव्हतं रे.

खरं तर तुझंही दुखायचं. पण कधी, ते मी बघून ठेवलं होतं. अमावस्येला मोंढ्याचा बाजार बंद, जिनिंग बंद. त्याच दिवशी तुझी मान आखडायची, डोकं धरायचं, पोटात आग पडायची. तू उशाला टॉवेल गुंडाळून पडायचास आणि म्हणायचास, "मला सुट्टी मानवत न्हाई." दुसऱ्या दिवशी पहिली ट्रॉली आत आली की टुणकन बरा. मी तुला किती वेळा म्हणालो, की बाबा रे, मान काल आखडली नाही. मान पंधरा दिवस आखडतच होती, काल तिला बोलायला सवड मिळाली. तू म्हणायचास, पाटील, तू डॉक्टर व्हायला पाहिजे होतास, रोगी होऊन फुकट गेलास.

आणि तो चढ. ट्रॉल्या वर चढवायचा, मशिनघराकडे जाणारा. गेल्या दिवाळीपासून तू त्याच्या मध्यावर थांबायचास. थांबून बाजूच्या ढिगातला कापूस हातात घ्यायचास, उलटापालटा करायचास, वर बघायचास, मग पुढे. मला वाटायचं मालकाची नजर आहे, बघतोय माल. एक दिवस मी त्याच जागी आधीच उभा होतो आणि तुझा श्वास ऐकला. "धाप लागून राह्यली का रे?" म्हटलं. तू म्हणालास, "धूळ हाय कापसाची. हंगामात कोणाला लागत न्हाई?" आणि हे खरंच आहे, हंगामात आपल्याकडे सगळेच खोकतात. कोणाची धाप धुळीची आणि कोणाची कशाची, हे कापसाच्या जिनिंगमध्ये कसं ओळखायचं? मी धाप लागते म्हणून श्वासाचा पंप घेऊन फिरतो, मलाही डॉक्टर धूळच म्हणाले होते.

संध्याकाळी मशिन बंद झाल्या की तू एकटा ढिगांमधून फिरायचास. बाही वर करून कोपरापर्यंत हात कापसात घालायचास आणि डोळे मिटून उभा राहायचास. ऊब लागते का ते बघायला. कापूस आतून धुमसतो, बाहेरून पांढराशुभ्र दिसतो, आणि एकदा पेटला की मग कोणाच्या बापाला विझत नाही. हे काम तू दुसऱ्या कोणाला कधी दिलं नाहीस. "हाताला कळतंय," म्हणायचास. आता ते मी करतो. हात आत घालतो आणि उभा राहतो, आणि खरं सांगतो, मला ढिगाची ऊब कळत नाही, माझेच ठोके बोटांत ऐकू येतात. मागच्या आठवड्यात मी ओरडून पाण्याचा पाइप मागवला. आत काही नव्हतं. माझाच हात गरम होता. कोणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं.

तुझ्या सामायिकीबद्दल मला फार कळत नव्हतं. तुम्हा जैनांत रोज करतात, पांढरे कपडे घालून, तोंडाला मुहपत्ती बांधून, आसनावर पाऊण तासाच्या आसपास बसायचं, वाळूच्या घड्याळातली वाळू खाली पडेपर्यंत. धंदा नाही, फोन नाही, घरातलंही बोलायचं नाही. तू वर्षानुवर्षं सकाळी हे करून मग जिनिंगला यायचास. मला म्हणायचास, एकदा बसून तर बघ, सगळी भीती जाईल. मी म्हणायचो, मी क्षणभर गप्प बसलो की मला पोटातले आवाज ऐकू येतात, पाऊण तास बसलो तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल.

मग या हंगामात, ऑफिसात शेव-मुरमुरे खात असताना, तू एकदम हळू आवाजात म्हणालास, "पाटील, एक सांगू? सामायिकीत मला हितं दाबल्यासारखं होतंय." आणि तीन बोटं छातीच्या मधोमध ठेवलीस. माझ्या हातातले मुरमुरे खाली पडले. तू लगेच हसलास. "बघ, तुला सांगायचं म्हंजे पंचाईत. अरे, दिवसभर काय होत न्हाई. पळतो, ओरडतो, जेवतो. फकस्त बसलो की होतंय. म्हंजे काय झालं? मन बसू देत न्हाई. मन म्हणतंय ऊठ, धंदा बघ, आन उठावं म्हणून दुखणं लावून देतंय. हा परीषह हाय. सहन करायचा असतो."

परीषह म्हणजे काय ते तूच मला समजावलंस. साधना करताना जो त्रास होतो, थंडी, भूक, डास, तो न कुरकुरता सोसायचा. मी म्हणालो, "अरे, डास चावला तर डास असतो ना तिथं!" मी खूप बोललो. गप्प बसल्यावर दुखतं याचा अर्थ ते खोटं आहे असं कसं, गप्प बसल्यावरच तर ऐकू येतं. मशिन चालू असताना कानाशी येऊन कोणी बोललं तरी आपल्याला कळत नाही, म्हणून काय तो माणूस तिथं नसतो? तू ऐकत होतास. पहिल्यांदा नीट ऐकत होतास असं मला वाटलं. मग तू सौदा केलास, कारण सौदा केल्याशिवाय तुला राहवत नाही. "चल. तू एक सामायिक कर, पूर्ण. मी एक ईसीजी काढतो. बराबर?"

मी म्हणालो, "आज. आत्ता. जल्दी चल, जालन्याला जाऊ."

"हंगाम संपू दे," म्हणालास. "मंग दोन्ही करू."

भाभींनी मला उठावण्यानंतर बोलावून घेतलं. तुझी सरला, जिनं मला इतक्या वर्षांत जेवल्याशिवाय घरातून जाऊ दिलं नाही, ती पाणीसुद्धा द्यायचं विसरली होती. म्हणाल्या, "भैय्या, एक गोष्ट कोणालाच सांगितली न्हाई. त्या दिवशी मी बी त्यांच्या बाजूलाच सामायिक करून राह्यले होते. मधेच ह्यांचा हात छातीवर गेल्ता. मी बघितलं. दोनदा गेल्ता. मला विचारायचं होतं, काय होतंय. पण तोंड बांधलेलं, नियम घेतलेला. म्हटलं, वाळू पडली की विचारते. वाळू पडली, ते उठले, आसन घडी केलं, चांगले हसले. म्हणाले, चहा टाक. मंग मी काय विचारायचं, भैय्या? हसून राह्यले होते ते."

पुढे महासतीजी दर्शन द्यायला आल्या तेव्हा भाभींनी त्यांनाही हे विचारलं, मी दाराशी उभा होतो. त्या वयस्क साध्वींनी भाभींचा हात हातात घेतला. म्हणाल्या, त्रास होतोय हे सांगायला कुठलाच नियम आड येत नाही, आणि सामायिक मोडली तरी पुन्हा करता येते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं का? भाभी म्हणाल्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. ते जैन स्थानकात दुसऱ्यांना हेच सांगायचे.

पारस, तेव्हापासून मी पुरता हललोय. बघ ना. लक्ष दिलं नाही तर माणूस तुझ्यासारखा जातो. लक्ष दिलं तर माझ्यासारखा जगतो, आणि हे काही जगणं नाही. जिना चढताना मी ठोके ऐकतो. जेवताना घास उतरतो कसा ते बघतो. मुलीनं पुण्याहून एक घड्याळ पाठवलं, मनगटावर बांधलं की ठोके दाखवणारं. तिला वाटलं बाबांना धीर येईल. मी आकडा बघायचो, बघितला की तो वाढायचा, वाढलेला बघून मी पुन्हा बघायचो आणि मग तो आणखी वाढायचा. शेवटी माझ्या बायकोनं, सुनंदानं, ते काढून घेतलं. "घड्याळ टाईम बघायला असतंय," म्हणाली. "तुम्ही त्याच्यात मरण बघून राह्यले." तिनं ते ज्वारीच्या डब्यात लपवलंय. मला डबा माहीत आहे. मी त्या डब्याकडे जायलाही घाबरतो.

सुनंदाच मला जालन्याला घेऊन गेली. पट्ट्यावर पळवलं, छातीवर गार मलम लावून पडद्यावर हृदय दाखवलं. ते पडद्यावर उघडझाप करत होतं आणि मी ते बंद पडेल म्हणून डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, हाताच्या मुंग्या बहुतेक मानेच्या आहेत, दिवसभर वाकून कापूस बघता ना? आणि तुम्ही लक्ष फार देता. मला राग आला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझा मित्र लक्ष देत नव्हता. तो गेला. आता मी किती लक्ष देऊ ते सांगा, मापून सांगा. ते हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "तुमच्या मित्रानं काय केलं? दुखलं, आणि हे काही नाही असं स्वतःच ठरवलं. तुम्ही काय करता? दुखतं, आणि आता मेलोच असं स्वतःच ठरवता. दोघंही आमचं काम करताय. ठरवायचं आमच्यावर सोडा. तुमचं काम एकच, दुखलं की मोठ्यानं सांगायचं. डॉक्टर नसेल तर जो समोर असेल त्याला."

सुनंदा गाडीत म्हणाली, हे मोठ्यानं सांगायचं काम तुम्ही लई वर्षांपासून बराबर करून राह्यले, त्यात काय नवीन? पण मला ते लागलं होतं. तू मोठ्यानं सांगितलं नाहीस. मला सांगितलंस तेही हळू, मुरमुरे खाताना, आणि सांगून झाल्यावर हसलास. मी तुझं ऐकून घाबरलो, आणि माझं घाबरणं बघून तुला वाटलं की ही पाटलाचीच गंमत झाली. मी नेहमीच घाबरत आलो, म्हणून त्या दिवशीच्या माझ्या घाबरण्यालाही किंमत राहिली नाही. हे मी कोणाला बोललो नाही. तुलाच सांगतोय.

परवा अमावस्या होती. जिनिंग बंद. आदल्या दिवशी भाभींचा फोन आला. "भैय्या, तुमचा आन त्यांचा काहीतरी सौदा झाल्ता ना? ते मला सांगून गेल्ते. एक दिवस त्यांच्या जागेवर बसता का? ती जागा रिकामी बघून मला बसवत न्हाई." नाही म्हणता येईना. पण मी तुला सांगतो, मला जायचं नव्हतं. जिथं बसून तुझा हात छातीवर गेला, त्याच जागी, तेवढाच वेळ, तोंड बांधून बसायचं. सुनंदा म्हणाली, न्हाई जमलं तर उठून या, कोणी धरून ठेवलेलं न्हाई. मी माझा लग्नाकार्याचा पांढरा लेंगा-सदरा काढला.

वरच्या खोलीत पूर्वेकडच्या भिंतीपाशी तुझं आसन होतं. लोकरीचं, मधे दबलेलं. भाभींनी मला नवी मुहपत्ती दिली, तिचा दोरा कानामागे कसा घ्यायचा ते दाखवलं, नियमाचा पाठ त्यांनीच म्हटला. मग वाळूचं घड्याळ उलटं करून त्याही मुहपत्ती बांधून बाजूला बसल्या. आणि सगळं गप्प झालं.

आधी कान वाजायला लागले. मशिन कालच बंद झाल्या होत्या, पण माझ्या कानांत त्या चालूच होत्या. मग परभणीकडे जाणारी गाडी लांबून गेली. मग पोटातले आवाज, सांगितल्याप्रमाणे. आणि मग मला एक विचित्र गोष्ट कळली, पारस. माझे दात आवळलेले होते. घट्ट. खांदे कानांपर्यंत चढलेले. कधीपासून? बहुतेक हंगाम सुरू झाल्यापासून. मी समजत होतो की माझ्या अंगाचा इंच न् इंच मला पाठ आहे. पण मी फक्त भीती जिथं असेल तिथंच बघत होतो, छाती आणि डावा हात, छाती आणि डावा हात. दात कोणी बघायचे? मी जबडा सोडला. खांदे खाली आले. मान करकरली. बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं, आणि मला तुझ्यावर थोडा रागच आला, की हा माणूस रोज हे करत होता आणि मला नीट पटवून सांगता आलं नाही त्याला.

तेवढ्यात छातीत टोचलं.

मधोमध नाही, जरा डावीकडे. नेहमीचंच असेल. पण खोली तुझी, आसन तुझं, आणि मला घाम फुटला. वाळू अर्ध्याच्या वर शिल्लक होती. मी मनाशी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय हृदय चांगलं आहे, उगाच बाईला घाबरवू नकोस, वाळू पडेपर्यंत थांब. आणि मग मला कळलं की हे मी बोलत नाही, हे तू बोलतोयस. असंच तू स्वतःला सांगितलं असशील. इथंच बसून. उगाच सरलाला घाबरवू नको, वाळू पडू दे, हंगाम संपू दे. माझा हात आपोआप वर गेला होता. मी बाजूला बघितलं. भाभी माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले होते.

मी मुहपत्ती खाली ओढली आणि मोठ्यानं म्हणालो, "भाभी, छातीत दुखतंय."

त्यांनी हात लांब करून वाळूचं घड्याळ आडवं केलं. वाळू थांबली. मग त्यांनी स्वतःची मुहपत्ती सोडली आणि मला विचारलं, कुठं दुखतंय? कसं दुखतंय, टोचतंय का दाबतंय? कवापासून? हातात जातंय का? घाम आला का? आधी झाल्तं का असं? एका मागून एक, भराभर, पाठ करून ठेवल्यासारखे प्रश्न. मी एकेकाचं उत्तर दिलं. डावीकडं. टोचतंय. आत्ताच. न्हाई जात. थोडा आला. हजार वेळा झालंय. उत्तरं देता देता टोचणं गेलं. मी म्हणालो, "गेलं, भाभी. काय न्हवतं."

भाभी उठल्या नाहीत. त्यांनी आडव्या पडलेल्या घड्याळावर हात ठेवला होता. खाली बघत म्हणाल्या, "मला बी होऊन राह्यलंय, भैय्या. टोचत न्हाई. दाबतंय. जिना चढले की. ते गेले तवापासून. म्हटलं, दुःखाचं असेल. बाईला एवढं झाल्यावर छातीत दाबणारच की. कोणाला सांगू? सगळे हेच म्हणतील."

पारस, आयुष्यभर मी खोट्या भीतीचा धनी, पण ही भीती वेगळी होती. तिच्यात मुंग्या नव्हत्या, नाडी बघायची आठवण नव्हती. मी खाली पळालो, चपलाही न घालता, आणि गाडी दाराशी लावली. जालन्यापर्यंत मी भाभींशी अखंड बडबडत राहिलो. तुझ्या फाटलेल्या तळहाताची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि रडल्या. तुझ्या जाण्यानंतर त्यांना मी पहिल्यांदाच मोकळं रडताना बघितलं. मीही रडलो. गाडी मीच चालवत होतो, म्हणून फार रडता आलं नाही.

त्याच डॉक्टरांनी भाभींचा ईसीजी काढून कागद हातात घेतला. माझा कागद ते बघताक्षणी बाजूला ठेवून देतात. हा त्यांनी खिडकीपाशी नेला, परत आणला, पुन्हा बघितला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. "आजच आणलंत हे फार बरं केलंत," ते म्हणाले. भाभींना ठेवून घेतलंय. औषधं सुरू झालीत, आणखी एक तपासणी उद्या आहे. वेळेत आहोत, असं डॉक्टर म्हणतात. सुनंदा आत त्यांच्यापाशी बसलीय. मी जिनिंग आटोपून संध्याकाळी इथं आलो आणि बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. माझी भीती काही गेलेली नाही. आता ती एकट्या माझ्यासाठी नाही, इतकंच.

आपल्या सौद्यातली माझी सामायिक अर्धी झाली, उरलेली करायला मी तुझ्या आसनावर पुन्हा बसेन. तुझ्या वाट्याचा ईसीजी मात्र पुरा निघाला. त्याच्यावर नाव सरलाभाभींचं आहे.